कार्ल्याच्या वाटेने गेलेला बिशप

लोणावळ्याबद्दल एक वाक्य गेली कित्येक वर्षे छापले जात आहे. पर्यटनाच्या पुस्तिकांत, संकेतस्थळांवर आणि तिथून उतरवून घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत ते हमखास सापडते. ‘लोणावळा-खंडाळ्याचा शोध १८७१ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी लावला,’ असे ते वाक्य. आपल्यापैकी अनेकांनी ते कधी ना कधी वाचले असेल. आता आपली मुले आणि नातवंडेही तेच लिहितात.

हे वाक्य दोन साध्या तारखांपुढे टिकत नाही. मुंबईला एल्फिन्स्टन नावाचे दोन गव्हर्नर होऊन गेले. पहिला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर होता आणि १८५९ मध्ये इंग्लंडात वारला. दुसरा त्याचा पुतण्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन. तो १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होता आणि त्याच १८६० साली मरण पावला. म्हणजे १८७१ मध्ये शोध लावायला दोघांपैकी कोणीही हयात नव्हता. शिवाय पुणे ते खंडाळा आगगाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती आणि १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा होऊन मुंबईची गाडी थेट पुण्याला जाऊ लागली होती. ज्या गावातून आठ वर्षे आगगाडी धावत होती, त्या गावाचा शोध कोणी आणि कसा लावायचा?

तारखांचा हा हिशोब कोणीही करू शकेल. पण स्मरणिकेसाठी लेख लिहायचे ठरल्यावर मला वाटले की, त्या काळात आपल्या वाटेने गेलेल्या एखाद्या माणसाची ओळख करून द्यावी. म्हणून बिशप रेजिनाल्ड हेबर याच्याविषयी लिहीत आहे. १८२५ च्या जूनअखेरीस, भर पावसाळ्यात, हा इंग्रज धर्माधिकारी बोरघाट चढून खंडाळ्याला आला, कार्ल्याची लेणी पाहून पुण्याला गेला आणि हे सारे त्याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. त्याचे चरित्र आपल्या मावळापुरतेच नाही. पण मावळातून पाहिले तर ते अधिक चांगले कळते, असे मला वाटते.

खेड्यातला पाद्री ते कलकत्त्याचा बिशप

हेबरचा जन्म २१ एप्रिल १७८३ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यातल्या मालपास या गावी झाला. घरची सुबत्ता होती, वडील स्वतः धर्मोपदेशक होते. सावत्र थोरला भाऊ रिचर्ड हा पुस्तके जमवण्याच्या वेडासाठी साऱ्या इंग्लंडात प्रसिद्ध होता. रेजिनाल्ड ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात शिकला. १८०३ मध्ये ‘पॅलेस्टाइन’ या दीर्घकाव्यासाठी त्याला विद्यापीठाचे बक्षीस मिळाले आणि विशीतच तो कवी म्हणून नावारूपाला आला. पुढे एका मित्राबरोबर स्कँडिनेव्हिया, रशिया, क्रिमिया असा लांबचा प्रवास करून आला. माणसे पाहायची, त्यांच्याशी बोलायचे, रात्री बसून लिहून काढायचे, ही सवय त्याला तेव्हाच लागली.

१८०७ मध्ये तो श्रॉपशायरमधील हॉडनेट या गावी पाद्री झाला आणि जवळजवळ सोळा वर्षे तिथे राहिला. १८०९ मध्ये अमेलिया शिपली हिच्याशी त्याचे लग्न झाले. याच काळात त्याने चर्चमध्ये गाण्यासाठी भक्तिगीते रचली. त्यांपैकी काही आजही जगभरच्या चर्चमध्ये गायली जातात. त्यांतले एक, १८१९ साली रचलेले, लक्षात ठेवायला हवे. धर्मप्रचारासाठी निधी गोळा करण्याच्या प्रसंगी सासऱ्यांच्या सांगण्यावरून त्याने ते लिहिले. ग्रीनलंडच्या बर्फापासून हिंदुस्थान व सिंहलद्वीपापर्यंतचे लोक अज्ञानात चाचपडत आहेत आणि त्यांना सोडवणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्याचा आशय. त्या वेळी हेबरने हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता.

हिंदुस्थानात बिशप नेमायची सोय १८१३ च्या सनदी कायद्याने झाली. कलकत्त्याला एक बिशप आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे त्याच्या हाताखाली एकेक आर्चडीकन, अशी रचना ठरली. पहिला बिशप टॉमस मिडलटन १८२२ मध्ये कलकत्त्यात वारला. त्या जागेसाठी हेबरचे नाव पुढे आले, कारण हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष चार्ल्स विन हा त्याचा जुना मित्र होता. हेबरने आधी नकार दिला. लहान मुलगी, पत्नी, इंग्लंडातली चांगली जागा आणि हिंदुस्थानच्या हवेने मिडलटनचा घेतलेला बळी, हे सारे त्याच्यापुढे होते. अखेर १८२३ च्या आरंभी तो तयार झाला. १ जूनला त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली, पंधरवड्यात जहाज सुटले आणि ऑक्टोबरमध्ये तो कलकत्त्याला उतरला.

त्याच्या अधिकाराखालचा प्रदेश किती मोठा होता याची कल्पना आज करवत नाही. संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थान, सिंहलद्वीप आणि पुढे ऑस्ट्रेलियातील इंग्रज वसाहतीसुद्धा या एका माणसाच्या देखरेखीखाली होत्या.

दहा महिन्यांचा प्रवास

कलकत्त्यात बसून हे काम होणार नाही हे त्याने ओळखले. १५ जून १८२४ रोजी तो होडीने निघाला. सोबतचा तरुण चॅप्लेन स्टो ढाक्याला आजारी पडून वारला. हेबर पुढे चालत राहिला. गंगेने वर जाऊन काशी, अलाहाबाद, लखनौ, तिथून हिमालयाच्या पायथ्याला, मग दिल्ली, आग्रा, जयपूर, बडोदे, सुरत असा प्रवास करीत एप्रिल १८२५ मध्ये तो मुंबईला पोहोचला. दिल्लीत त्याने नामधारी उरलेल्या मोगल बादशहाची भेट घेतली. वाटेत हिंदुस्थानी बोलण्याचा सराव चालूच होता.

गुजरातेत नडियाद येथे मार्च १८२५ मध्ये त्याची आणि स्वामीनारायण संप्रदायाचे प्रवर्तक सहजानंद स्वामी यांची भेट झाली. स्वामींबरोबर दोनशेच्या आसपास घोडेस्वार व मोठा अनुयायीवर्ग होता, तर बिशपबरोबर कंपनी सरकारचे शिपाई होते. दोन धर्मोपदेशकांनी अशी छोटी फौज घेऊन एकमेकांना भेटावे, याचे हेबरला स्वतःलाच आश्चर्य आणि थोडा संकोच वाटला. ते त्याने रोजनिशीत मोकळेपणाने लिहिले आहे.

मुंबईत पत्नी अमेलिया समुद्रमार्गे येऊन त्याला भेटली. तिथला आर्चडीकन जॉर्ज बार्न्स. याच बार्न्सने १८१५ मध्ये मुंबईत शिक्षणसंस्था काढली होती. देवळालीचे आजचे बार्न्स स्कूल त्याच परंपरेतले आणि त्याच्याच नावाचे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्याशी हेबरची चांगलीच गट्टी जमली.

बोरघाट, खंडाळा, कार्ला

१८२५ मध्ये मुंबई-पुणे प्रवास म्हणजे आधी होडीने खाडी ओलांडून पनवेल, तिथून चौक, मग घाटाच्या पायथ्याची खोपोली. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधवलेला तलाव व महादेवाचे देऊळ आहे. घाट चढून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा तो ठरलेला मुक्काम. गाडीचा रस्ता तेव्हा नव्हता. तो सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी लमाणांचे बैल, घोडी, पालख्या आणि पायी चालणारी माणसे यांचीच ही वाट. पावसात घसरडी झालेली ती वाट चढून हेबर खंडाळ्याला पोहोचला.

ज्या मुलखातून तो जात होता तो ‘अज्ञात’ तर नव्हताच, उलट इंग्रजांना चांगला आठवत होता. १७७९ च्या जानेवारीत याच वाटेने पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेला मराठ्यांनी कोंडीत पकडले होते. कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्याकडचा ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्याजवळ मारला गेला. तळेगावच्या तळ्यात तोफा टाकून फौज मागे फिरली आणि वडगावला तिने तह केला. पुढे १८१८ च्या मार्चमध्ये लोहगड इंग्रजांच्या हाती गेला. हेबर लोहगड-विसापूरच्या खालून गेला तेव्हा त्या घटनेला अवघी सात वर्षे झाली होती. ज्यांनी गडावर चाकरी केली होती अशी माणसे पायथ्याच्या गावांत तेव्हा नक्कीच हयात असतील.

लेणी पाहणाराही तो पहिला इंग्रज नव्हता. १८०४ च्या सुमारास लॉर्ड व्हॅलेन्शिया व चित्रकार हेन्री सॉल्ट, १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम ही लेखिका, असे लोक कार्ल्याला येऊन गेले होते आणि त्यांनी त्याविषयी पुस्तकांतून लिहिलेही होते. हेबरने मुंबईजवळची कान्हेरीची लेणी आधी पाहिली होती. कार्ल्याचे चैत्यगृह त्याच धाटणीचे, पण कान्हेरीपेक्षा दीडपट मोठे आणि कितीतरी अधिक सुंदर आहे, असे त्याने नोंदवले.

त्याचे हे निरीक्षण बरोबर होते. साधारण १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असे हे चैत्यगृह भारतातील सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहांपैकी आहे. छताला लावलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. पण भिंतींवर आणि खांबांवर कोरलेला मजकूर हेबरला वाचता येणे शक्य नव्हते. त्या वेळी तो कोणालाच वाचता येत नव्हता. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली ती १८३७ मध्ये, म्हणजे हेबर कार्ल्याला येऊन गेल्यावर बारा वर्षांनी.

त्या अक्षरांत काय होते? वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह उभारले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असा अभिमान एका लेखात कोरलेला आहे. धेनुकाकट गावच्या यवनांनी खांबांसाठी दान दिले, हे दुसऱ्या लेखांत आहे. उषवदाताने इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याची नोंद आहे. या ठिकाणाचे तेव्हाचे नाव वलूरक. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एका राजाज्ञेत ‘मामाल’ येथील अधिकाऱ्याला उद्देशून हुकूम आहे. मामाल म्हणजेच आपला मावळ. दोन हजार वर्षांपूर्वी या तालुक्याला नाव होते, अधिकारी होता, गावे होती आणि त्या गावांचे दानपत्र होत होते. ‘शोध’ या शब्दाला यापेक्षा चांगले उत्तर मला सुचत नाही.

पुण्यात

पुण्यात हेबरने लष्करातल्या सेंट मेरी चर्चचे विधिपूर्वक उद्घाटन केले. पुणे कॅम्पातली ती जुनी इमारत आजही उभी आहे. तिथला चॅप्लेन टॉमस रॉबिन्सन हा फारसीचा अभ्यासक. पुढे तो हेबरचा सोबती झाला आणि अखेरपर्यंत त्याच्याजवळ राहिला.

पेशवाई बुडून सातच वर्षे झालेल्या पुण्यात एल्फिन्स्टनने १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा काढली होती. पेशव्यांच्या दक्षिणेचा पैसा विद्येसाठी वापरावा, असा त्यामागचा विचार. याच पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. मुंबईतले काही इंग्रज एल्फिन्स्टनला अधार्मिक म्हणत. त्यावर हेबरसारख्या बिशपने लिहिले की, हा सर्वार्थाने असामान्य माणूस आहे आणि त्याच्याविषयीच्या या कुजबुजीला आपल्याला काही आधार दिसला नाही. मराठ्यांच्या मुलखात राज्य करायचे तर इथल्या लोकांची रीत समजून घेऊन केले पाहिजे, हे एल्फिन्स्टनचे धोरण त्याला पटले होते.

शेवटचे आठ महिने

ऑगस्ट १८२५ मध्ये हेबर मुंबईहून सिंहलद्वीपाकडे निघाला आणि ऑक्टोबरमध्ये कलकत्त्याला परतला. पुढच्या वर्षाच्या आरंभी तो मद्रास इलाख्याच्या दौऱ्यावर गेला. मार्चच्या अखेरीस तंजावरला पोहोचला, तेव्हा त्याची गाठ एका मराठी राजाशी पडली.

तंजावरचे सरफोजी राजे हे व्यंकोजी राजांच्या, म्हणजे शिवछत्रपतींच्या सावत्र भावाच्या वंशातले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांना शिकवले होते, पण त्यांनी आपला धर्म सोडला नव्हता. लाव्हाझिये, लिनीयस, ब्युफाँ या शास्त्रज्ञांची वचने हा राजा सहज सांगतो, शेक्सपिअरच्या काव्याची त्याला चांगली पारख आहे, घोड्याची पारख त्याहून चांगली आणि वाघावर नेमका नेम धरतो, अशा आशयाचे पत्र हेबरने मित्राला लिहिले. त्यात थोडी थट्टा आहे, पण आदर जास्त आहे. १८१९ मधल्या गीतात अंधारात चाचपडणारे म्हणून ज्यांचे वर्णन केले होते, त्यांपैकीच हा एक. त्याच्याशी बोलताना बिशपला आपली विद्या थोडी अपुरी वाटली असावी.

याच महिन्यात त्याने चार्ल्स विनला आणखी एक पत्र लिहिले. शेतीच्या एकूण उत्पन्नाचा निम्मा भाग सरकार मागते, या कराखाली देशी किंवा युरोपीय कोणताही शेतकरी भरभराटीला येणार नाही आणि कोणताही देशी राजा आपल्याइतका सारा मागत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पुढे रमेशचंद्र दत्त यांनी हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिताना ही साक्ष वापरली. इंग्रज लोक इथल्या माणसांशी उद्धटपणे, दरडावून बोलतात आणि त्यांना आपल्यात मिसळू देत नाहीत, हेही हेबरने लिहून ठेवले आहे.

३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीत सकाळी तमिळ मंडळींसाठी धर्मविधी करून तो मुक्कामी आला, स्नानासाठी हौदात उतरला आणि तिथेच त्याचा अंत झाला. वय पुरते त्रेचाळीसही नव्हते. त्रिचीच्या सेंट जॉन चर्चमध्ये त्याची समाधी आहे आणि त्याच्या नावाचे मोठे महाविद्यालय त्या शहरात आजही चालते. त्याची रोजनिशी व पत्रे अमेलियाने १८२८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली, म्हणून आपल्याला हे सारे कळते.

त्याच्याकडून काय घ्यायचे

हेबरला थोर ठरवणे किंवा झोडपणे, दोन्ही सोपे आहे. तो कंपनी सरकारच्या आश्रयाने आलेला धर्माधिकारी होता. हिंदुस्थानाने ख्रिस्ती व्हावे ही त्याची इच्छा शेवटपर्यंत होती आणि ती त्याने लपवली नाही. त्याचे ते १८१९ चे गीत इंग्रजी शाळांतून व चर्चमधून पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले आणि त्याने इथल्या माणसांना दुखावले. तो आपल्या घाटातून गेल्याला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, १९२५ मध्ये, महात्मा गांधींनी कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना हेबरच्या त्या ओळींचा उल्लेख केला आणि त्या आपल्याला कायम टोचत आल्या आहेत, असे सांगितले. गांधीजींचे म्हणणे रास्त होते.

पण त्याच माणसाने, देश प्रत्यक्ष पायाखाली घातल्यावर, आपल्याच सरकारच्या साऱ्याविरुद्ध लिहिले, आपल्याच लोकांच्या उद्धटपणाला नावे ठेवली आणि एका मराठी राजाच्या विद्वत्तेला दाद दिली. गीत दूरच्या खेड्यात बसून लिहिले होते, पत्रे माणसे पाहून लिहिली. दुर्दैव असे की गीत चालीवर गायले जात असल्यामुळे लोकांच्या तोंडी राहिले आणि पत्रे पुस्तकात राहिली.

‘१८७१ चा शोध’ हे वाक्यही असेच तोंडी बसले आहे. सोपे आहे, एका ओळीत मावते, म्हणून टिकले. त्यात मात्र घाट चढणारे लमाण नाहीत, कार्ल्याच्या खांबांना दान देणारे व्यापारी नाहीत, वडगावचा तह नाही की मामालचा अधिकारी नाही. परक्याच्या येण्याने गाव जन्माला आले, एवढेच त्यातून आपल्या मुलांच्या मनावर ठसते.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने आपल्या गुरुजनांना आणि माजी विद्यार्थ्यांना दोन विनंत्या आहेत. आपल्यापैकी अनेकांची हॉटेले, दुकाने, बंगले आहेत. त्यांच्या पत्रकांत ते वाक्य असेल तर कृपया काढून टाकावे. आणि शाळेची सहल पुन्हा कार्ल्याला जाईल तेव्हा एकवीरेचे दर्शन झाल्यावर मुलांना चैत्यगृहाच्या दाराशी थोडा वेळ थांबवून खांबांवरची ब्राह्मी अक्षरे दाखवावीत. १८२५ मध्ये ती अक्षरे ऑक्सफर्डच्या पदवीधर बिशपलाही वाचता आली नव्हती. ब्राह्मीची मुळाक्षरे आज कोणत्याही शाळेच्या फळ्यावर एका तासात लिहून दाखवता येतात. सातवी-आठवीच्या मुलाने स्वतः ‘मामाल’ हा शब्द जुळवून वाचला, तर आपले गाव कोणी शोधले हे त्याला पुन्हा कोणी सांगावे लागणार नाही.